कुणाचं रुसणं झेपेल

नव्वदच्या दशकात मी पुण्यात भाषाशास्त्रात पीएचडी करत होतो. विषय, आमच्याकडे 'आम्ही'चं 'आमी' का होतं. पिंपरी पेंढारला घरी हे सांगायची चोरी होती. वडील म्हणायचे, "व्हतंय तर व्हऊ दे की."

तीन वर्षं राबून मी नियमांची साखळी रचली होती. मनातला शब्द एका टोकाने घालायचा, ठरलेल्या क्रमाने एकेक नियम लावायचा, दुसऱ्या टोकाने उच्चार बाहेर. प्रकरण लिहून झालं आणि आमचे मार्गदर्शक एका चर्चासत्राहून पार बदलून आले. म्हणाले, नियम गेले, आता बंधनं. 'तोंडाला सोपं पडावं' हे एक, 'मूळ शब्दाला धरून राहावं' हे दुसरं. सगळी पाळता येत नाहीत, म्हणून त्यांची उतरंड लावायची आणि वरचं पाळायला खालचं मोडायचं. सोमवारी प्रकरण नव्याने आणा, नाहीतर नोंदणी रद्द. माझं डोकं फिरलं. मोडायचंच तर बंधन कशाला, हेही कळेना.

रविवारी बहिणीचं लग्न. मानकरी अकरा आणि फेटे सात, त्यातला एक नवरीचा भाऊ म्हणून माझ्या डोक्यावर. वडील उरलेले वाटायला बसले होते. मामाला द्यावा तर चुलता रुसतो, चुलत्याला द्यावा तर मामा. मी म्हणालो, कुणीच रुसणार नाही असं बसवा.

"आसं लगीन अजून झालं न्हाई," वडील म्हणाले. "कुणाचं रुसणं झेपंल, ते आधी ठरवायचं. आपल्यात मामा वर. व्याह्यांच्यात चुलता वर."

बंधनं तीच, फक्त उतरंड वेगळी. पुण्यात मूळ शब्द वर, म्हणून 'आम्ही'; आमच्यात तोंडाची सोय वर, म्हणून 'आमी'. इतका आनंद मला बहिणीच्या लग्नाचाही झाला नव्हता.

तेवढ्यात घाटघरहून नवरदेवाचे मामा जीपमधून उतरले. ते येणार नाहीत असं धरून चाललो होतो. वडिलांनी माझ्या डोक्यावरचा फेटा उचलला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"तू रुसलास तरी झेपंल," एवढंच म्हणाले.

नवरीचा सख्खा भाऊ भर मांडवात बोडका. नवरदेवाचा कान मी जरा जास्तच पिळला. मग रुसून जेवलो नाही, तर तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळच्या एसटीत धुमसत धुमसत सगळं प्रकरण लिहून काढलं.

सोमवारी मार्गदर्शकांनी ते वाचलं आणि सही केली.

"सगळ्यात खालच्या बंधनाचं फार मनापासून लिहिलंय तुम्ही," ते म्हणाले.