खिळ्यावरचा पासवर्ड

सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. रुग्णालयाच्या तळघरातल्या नोंदखोलीत दप्तरबाई केसपेपरांच्या टाचण्या काढत बसल्या होत्या. एखादी राहिली की स्कॅनर कागद चावतो. तेवीस वर्षं सांभाळलेल्या फायली आता त्या स्वतःच संगणकात भरत होत्या. निवृत्तीला चौदा महिने होते. ते मिळतात की नाही, हे नऊच्या चौकशीत ठरणार होतं.

प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचे मानसोपचार विभागातले कागद मंगळवारी कुणीतरी नोंदखोलीतल्या संगणकावर उघडले. बुधवारी कॅंटीनमध्ये त्याच्या गोळ्यांची नावं सगळ्यांच्या तोंडी होती. उघडणाऱ्याचं नाव संगणकाने नोंदवलं होतं : दप्तरबाई. वेळ, अकरा बेचाळीस.

चौकशीला माहिती-सुरक्षेचा अधिकारी होता, वयाने बाईंच्या मुलाएवढा. शेजारी तंत्रज्ञ, मान खाली घालून.

"मावशी, नोंद स्पष्ट आहे."

"नाव माझं आहे, साहेब. बोटं कुणाची होती, ते संगणकाला कुठं दिसतं?"

बाईंनी पिशवीतून पोचवही काढली. मंगळवार, अकरा चाळीस, तिसरा मजला, फाइल मिळाली, परिचारिकेची सही. अकरा पन्नास, चौथा मजला, दुसरी सही.

अधिकाऱ्याने दोन्ही ओळी दोनदा वाचल्या. "मग तुमचा पासवर्ड दुसऱ्याकडे गेला कसा?"

बाईंनी खिळ्याचं सांगितलं. नोंदखोलीच्या दारामागे खिळा होता. इतकी वर्षं कपाटाची किल्ली तिथेच असे. बाई नसल्या तरी कुणाचं अडू नये म्हणून. पासवर्ड आला तेव्हा त्यांनी तो पुठ्ठ्यावर लिहिला आणि त्याच खिळ्याला टांगला.

"किती जणांना माहीत आहे?"

"सगळ्यांना. पहिल्या दिवशी तुम्हीही तोच वापरलात की."

अधिकाऱ्याचं पेन थांबलं.

तेव्हा तंत्रज्ञ पहिल्यांदा बोलला. "बाई, किल्लीने कुणी फाइल नेली की खणात जागा रिकामी दिसायची. तुम्ही दारोदार फिरून विचारायचात, कुणी नेली म्हणून. माझी फाइल तर अजून जागेवरच आहे. आणि घरी आईला शेजारीण विचारून गेली, मुलगा आता बरा आहे ना."

"लिहा, साहेब," बाई म्हणाल्या. "कागद मी पाहिले नाहीत. पण दार मीच उघडं ठेवलं."

निकाल दुपारी आला : लेखी ताकीद, नोकरी कायम. कागद कुणी पाहिले, ते कळलं नाही. पुठ्ठा बाईंनी स्वतः काढून फाडला आणि पक्कड मागवून खिळाही उपटला. तंत्रज्ञ जिन्यात भेटला, पण बोलला नाही.

उद्या सकाळी आठ वाजता चौसष्ट कर्मचाऱ्यांना बंद पाकिटातून ज्याचा त्याचा पासवर्ड मिळेल. पोचवहीत सह्या दप्तरबाई घेतील. यादीत पहिलं नाव अधिकाऱ्याचं आहे.