व्याह्यांच्या हातचं मीठ

आमच्या व्याह्यांच्या तावडीत सापडलेलं एकही फळ आजवर आपल्या मरणानं मेलेलं नाही. रिह्याला, त्यांच्या गावी, घरामागे जमिनीचा एक तुकडा आहे. त्यात आंबा आहे, लिंबू आहे, आवळा आहे, काकडीचे वेल आहेत, टोमॅटो आहेत, मिरच्या आहेत. पण यातलं काही तिथं ताजं खाल्लं गेल्याचं मला आठवत नाही. काकडी बोटाएवढी झाली की ती मिठाच्या पाण्यात जाते, आवळा पाकात जातो, आणि टोमॅटो तर मला वाटतं व्याही बागेत येताना दिसले की भीतीनंच लाल होतात. एकदा मी वेलीवरची काकडी तोडून तिथंच कचाकचा खाल्ली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी जणू कुणाचं तरी शिक्षण अर्ध्यावर सोडवलं होतं. "ताजं काय हो," ते म्हणाले, "ताजं कुणीही खातं!"

आमची सोयरीक जुळली तीसुद्धा लोणच्यावर. आमची मुलगी बघायला मंडळी आली, तेव्हा तिचं शिक्षण, नोकरी, पगार यातलं काही व्याह्यांनी विचारलं नाही. पोहे संपवले, घसा साफ केला आणि गंभीरपणे म्हणाले, "एकच विचारतो. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालतेस का?" मुलगी म्हणाली, "छे! आईनं हात मोडला असता." त्यांनी बशी खाली ठेवली, मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "ठरलं." मुलगा बिचारा तोवर तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. विहीणबाई मात्र शांतपणे माझ्या बायकोला म्हणाल्या, "सवय होते हो." त्यांना झालेली होती. त्यांच्या घरात पलंगाखाली मुरांबे होते, पुस्तकांच्या मागे लिंबं मुरत होती आणि कपड्यांच्या कपाटाचा खालचा खण छुंद्यानं बळकावला होता. "माझ्या साड्या अजून तेलात घातल्या नाहीत, एवढंच नशीब," असं त्या म्हणायच्या, पण उन्हाळ्यात कैऱ्या फोडायला विळी घेऊन पहिल्या त्याच बसायच्या.

व्याह्यांची नजर घरात आल्या आल्या माणसांवर पडत नाही, बाटल्यांवर पडते. आमच्याकडे कॉफीची एक रुंद तोंडाची काचेची बाटली होती. ती त्यांच्या डोळ्यांत भरली. "संपत आलीय का?" त्यांनी सहज विचारलं. अर्धी होती. त्या दिवशी, एरवी चहाखेरीज कशाला न शिवणारे आमचे व्याही लागोपाठ कॉफी पीत बसले. मलाही पाजली, बायकोलाही पाजली, गॅसचं पुस्तक घेऊन आलेल्या माणसालाही आग्रहानं बसवून पाजली. संध्याकाळी निघताना बाटली त्यांच्या काखेत होती आणि उरलेली पूड आमच्या एका वाटीत. त्यांची मोटारही अशीच कामाला लावलेली. उन्हात उभी केली की काचा बंद करून आत टोमॅटोच्या चकत्या वाळत ठेवायच्या. एकदा आम्ही सगळे त्या मोटारीतून पौडला एका मुंजीला निघालो. चकत्या अजून ओलसर होत्या म्हणून काढल्या नव्हत्या. घाटासारख्या त्या रस्त्यावर डावं वळण आलं की सगळे टोमॅटो माझ्याकडे यायचे, उजवं आलं की व्याह्यांकडे जायचे. "धरा, धरा!" ते ओरडत होते, आणि मी नव्या कोऱ्या झब्ब्याच्या ओच्यात टोमॅटो झेलत होतो. मुंजीत मला तिघांनी विचारलं, काही लागलं का म्हणून.

असा हा माणूस, आणि डॉक्टरांनी त्याचं मीठ बंद केलं. रक्तदाब वाढला होता, साखरही काठावर होती. लोणचं नाही, पापड नाही, मुरांबा तर नाहीच. आम्हाला वाटलं, आता सगळं थांबणार. मुलगी नवऱ्याच्या नोकरीच्या गावाहून, चांद्याहून, रोज फोन करून सासऱ्यांची चौकशी करायची, बाबा काय करतायत? बाबा लोणचीच करत होते, आणि पहिल्यापेक्षा दुप्पट! फक्त चाखत नव्हते. या बाबतीत मात्र पक्के. जिभेवर कण ठेवायचे नाहीत. नुसता वास घ्यायचे, मान डोलवायचे आणि बाटल्या वाटत सुटायचे.

पण त्यांच्या हातात भीती शिरली होती. मिठाचा डबा उघडला की हात आखडायचा. पहिली काकडीची बाटली आमच्याकडे आली ती ओट्यावर ठेवली होती. दुपारी स्वयंपाकघरातून असा आवाज झाला की बायको "सिलिंडर!" म्हणून किंचाळत जिन्यापर्यंत गेली. मी वाकून पाहिलं, तर बाटली फसफसत उभी होती, झाकण छतावर आपटून डाळीच्या डब्यात पडलं होतं आणि एक काकडी पंख्याच्या पात्याला मिठी मारून बसली होती. तेवढ्यात व्याह्यांचा फोन. "कशी झालीय काकडी?" बायकोनं ओट्यावरचं पाणी पुसत सांगितलं, "अप्रतिम!" फोन ठेवून ती मला म्हणाली, "आपण मुलीकडचे." हा मुद्दा बिनतोड होता. मग लिंबं आली, अप्रतिम. मिरच्या आल्या, त्याही अप्रतिम. सगळं गुपचूप कुंडीत जात होतं आणि कुंडीतली तुळस माझ्याकडे रागानं बघत होती. पुढे कळलं की सगळे नातेवाईक हेच करत होते. रिह्यातल्या त्यांच्या शेजारच्या आजी एकदा मला वाटेत गाठून म्हणाल्या, "भाऊ, तुमी तरी सांगा त्यास्नी. मीठच न्हाई वो त्यात. म्हशीपुढं टाकलं, तर तिनं बी तोंड फिरवलं."

"तुम्हीच सांगा ना, आजी."

"मी न्हाई बा. लई हौशीनं देतुया मानूस. तोंडाकडं बघून जीभच रेटत न्हाई."

आणि मग मुलीचं डोहाळजेवण आलं. रिह्यालाच, अंगणात, आंब्याखाली. मुलगी हिरव्या साडीत पाटावर बसलेली, ताटात पाच पक्वान्नं, आणि व्याही आतून दोन्ही हातांनी एक भली मोठी बरणी घेऊन आले. "सुनेसाठी खास," ते म्हणाले. "झाडाची पहिली कैरी. कुणालाही हात लावू दिला नाही." फडकं सोडलं. मी शेजारीच होतो. आधी तो वास आला, आणि मग वर साय धरावी तशी पांढरी बुरशी दिसली. डोळ्यांवर चष्मा नसल्यानं त्यांना ती दिसली नाही. त्यांनी चमचा खाली बुडवून एक मोठी फोड काढली आणि सुनेच्या ताटात वाढली. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. बायकोनं मला चिमटा काढला. तो "बोला" म्हणून होता की "गप्प बसा" म्हणून, हे अजून आमच्यात ठरलेलं नाही. मुलगी सासऱ्यांकडे बघून गोड हसली आणि तिनं फोड उचलली.

"खाऊ नकोस!" मी ओरडलो. "नासलंय ते!"

गाणं म्हणणाऱ्या बायका थांबल्या. व्याह्यांनी बरणीकडे पाहिलं, खिशातून चष्मा काढून लावला, पुन्हा पाहिलं. मग बरणी जमिनीवर ठेवून ते घरामागे निघून गेले. मी मागोमाग गेलो. लिंबाच्या झाडाशी पाठमोरे उभे होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टरांनी मीठ बंद केलं तेव्हापासून."

"सगळंच?"

"सगळंच."

"काकडी?"

"पंख्यावर होती."

"आणि विहीणबाई मला म्हणाल्या, अप्रतिम!"

"मुलीकडचे आहोत हो आम्ही."

त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरलो. पुढे होऊन पाहतो तर माणूस हसत होता. लिंबाचा बुंधा धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होता. "पंख्यावर!" म्हणायचे आणि पुन्हा सुरू. मग मीही सुटलो. बायका बघायला आल्या, तेव्हा दोन म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होते. निवळल्यावर ते हळूच म्हणाले, "मूठ भरली की डॉक्टर दिसतो हो समोर. वाटतं, हे मीठ माझ्याच अंगात चाललंय." आणि डोळे पुसत त्यांनी फर्मान काढलं, "उद्यापासून मी घालणार, तुम्ही चाखणार. खोटं बोललात तर सोयरीक मोडली."

तेव्हापासून हंगामात मी रिह्याला जातो. ते कालवतात, मी बोट बुडवतो. "आणखी मूठभर," मी सांगतो. ते डोळे मिटून घालतात. लोणची पुन्हा पहिल्यासारखी झाली आहेत. शेजारच्या आजी आता बाटली मागून नेतात, म्हशीला मिळत नाही. नात झाली आहे. ती रांगत जाऊन पलंगाखालच्या बरण्यांना थापट्या मारते.

यंदा आंब्याचं लोणचं मुरल्यावर त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. ओसरीवर बसवलं, बशीत एक फोड वाढली आणि समोर बसून म्हणाले, "कसंय?" मी म्हटलं, "उत्तम." त्यांनी बशी माझ्याकडे आणखी सरकवली. म्हणाले, "असं नाही. नीट सांगा." मग मी सांगत गेलो. आधी तेल लागतं, मोहरी नाकात चढते, मग दाताखाली कैरी करकरते, आंबट येतं, आंबटाच्या मागून हळूच मीठ, आणि अगदी शेवटी, गिळल्यावर, मेथीचा कडवटपणा मागे राहतो. ते भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. मी बोलायचा थांबलो, तेव्हा त्यांनी आवंढा गिळला.

"आणखी एक फोड घ्या," ते म्हणाले. "सावकाश खा."