गोदूबाईची पडवी आणि टेनिसवाले

मालवणच्या बंदरापासून थोडं आत एका गलबतवाल्याची जुनी वखार होती. वादळात तिचं छप्पर उडालं आणि तीन भिंती उरल्या. चौथी बाजू मोकळी, म्हणजे तिथे गोदूबाईच्या घराची मागची पडवी. तिचं नळ्यांचं, म्हणजे अर्धगोल गावठी कौलांचं, छप्पर वखारीच्या अंगणात उतरत आलेलं.

स्वातंत्र्यानंतर चारपाच वर्षांनी भाई वकिलांनी या जागेत टेनिस क्लब काढला. भाईंनी कोल्हापूरला शिकताना कुठल्याशा जाड पुस्तकात वाचलं होतं की खरं, मूळचं टेनिस राजेलोक खेळत, ते चार भिंतींच्या आत, आणि पहिला चेंडू उतरत्या छपरावर मारून. भिंती होत्या, छप्पर होतं, फक्त राजे नव्हते. त्यांच्या जागी स्वतः भाई, शाळेतले लिनो मास्तर आणि एक डॉक्टर. चौथा सभासद सरकारी नोकर असे आणि खेळ जमू लागला की त्याची बदली होई.

पहिल्या संध्याकाळी डोक्यावर धाड्‌ धाड्‌ व्हायला लागलं तशी गोदूबाई केरसुणी घेऊन बाहेर आली.

"मेल्यानू, माज्या घरार नारळ पाडतास काय?"

भाईंनी तिला राजांचा खेळ समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि राजे नळे कोणाचे फोडीत?"

नळे फुटतच. चेंडूने थोडे आणि वर अडकलेला चेंडू काढायला चढणाऱ्यांच्या पायाने पुष्कळ. पहिल्या वैशाखात भाईंनी शाकारणीला गडी पाठवले. गोदूबाईने ते परत धाडले.

"फोडतले एक आणि चडतले दुसरे? ह्यो खंयचो न्याय?"

तेव्हापासून दरवर्षी पावसाआधी सभासदांनी स्वतः पडवी शाकारायची, असा करार झाला. क्लबाची वर्गणी म्हणायची तर हीच. दसऱ्यानंतर अंगण चोपून सारवायचं आणि खेळ सुरू करायचा. थंडीत दव पडे, चेंडू भिजून बटाट्यासारखा जड होई. शिमग्याला पोरं चेंडू पळवत. आणि वैशाखात ती शाकारणी. भाई, डॉक्टर, मास्तर धोतरं-विजारी खोचून वर, आणि खाली अंगणात कमरेवर हात देऊन गोदूबाई. वाडीतली माणसं चहा घेऊन बघायला येत.

"वकीलानू, त्यो नळो उलटो आसा! कोर्टातय असेच उलटे चलतास काय?"

"डागदरानू, हळू! पाय मोडलो तर तुमका कोण बरो करतलो?"

एरवी ती विधवा बाई. नवरा गलबतावर गेलेला परत आला नाही, मुलगा सहदेव मुंबईला गिरणीत. डॉक्टरच्या दारात तिला तासभर बसून राहावं लागे. पण त्या दिवशी डॉक्टर तिच्या छपरावर असे, आणि उतरायचं कधी ते ती सांगे.

रोज संध्याकाळीही ती पडवीत बसून मासे साफ करता करता खेळावर टीका करी. "वांदर बरे," ती म्हणे, "निदान चेंडू मागूक तरी येनत नाय." आणि आत आलेला चेंडू परत करताना आधी तो नीट, सगळ्यांच्या देखत, मासे चिरलेल्या हातांनी चाचपून बघे. चेंडूला बांगड्याचा वास येई. कुणाची बोलायची टाप नव्हती.

असं बरीच वर्षं चाललं. मग समोरच्या काशीबाईने, गोदूबाईच्या जावेने, घरावर मंगलोरी कौलं चढवली. लाल, सारखी, गुळगुळीत. आता काशीबाई गप्पा मारतानासुद्धा मान वर करून बोलायला लागली. गोदूबाईने दोन वर्षं सहदेवाच्या मागे भुणभुण लावली आणि शेवटी चैत्रात त्याचा निरोप आला: कौलांचे पैसे बंदरावर भरले आहेत, मालाचा पडाव धक्क्याला लागला की कौलं घरी घे, मी सुट्टीत येऊन बसवून घेतो.

गोदूबाईने ही बातमी खेळ थांबवून सांगितली. रॅकेटी खाली आल्या.

"आनंद आहे," भाई म्हणाले. भाई शुद्ध मराठीत बोलले की काहीतरी बिघडलं असं समजावं.

"कसला आनंद?" लिनो मास्तर म्हणाले. "नळ्यांतून चेंडू गडगडत, विचार करीत येता. त्या कौलांवरसून सुसाट येतलो. आमी या वयात धावतलों?"

"आणि तेच्यार चडाक गवंडी लागतलो," डॉक्टर म्हणाले. "शाकारणीच नको. गोदूबाई, सुटलांव आमी!"

भाईंनी जाहीर केलं की क्लब कचेरीमागच्या सपाट मैदानावर जाईल.

"जावा खंय जातास ते," गोदूबाई म्हणाली आणि माशांचं ताट घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच गेले. संध्याकाळी गोदूबाई पडवीत येऊन बसली. छपरावर काही पडलं नाही. मासे लवकर साफ झाले. तिने काशीबाईला एक खोचक शब्द टाकून पाहिला. काशीबाईने दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी नळ्यावर एक कावळा बसला, त्यालाच तिने सुनावलं, पण कावळा वकील नव्हता. मजा आली नाही.

शेवटी ती लिनो मास्तरांच्या घरी गेली. त्यांची बायको एस्पेरांसा मागच्या दारी डुकरांना पेज घालत होती. डुकरांच्या गोठ्यावरचं गवत सडून खाली लोंबत होतं.

"एस्पेरांसा, तुजो घोव खेळता काय थंय?"

"खेळता कसलो! छप्पर नाय तर चेंडू सरळ येता म्हणता. कचेरीतल्या त्या नव्या अव्वल कारकुनान सगळ्यांक हरवल्यान. वकील दोन दिवस जेवले नाय."

गोदूबाई पायरीवर टेकली. "गो, सांजवेळाक मिया कोणाक गाळी घालू?"

"माज्या घोवाक घाल. माका सवड नाय."

गोदूबाई काही वेळ डुकरांच्या गोठ्याकडे पाहत राहिली. मग दोघी हळू आवाजात बोलल्या, आणि एस्पेरांसा तोंडाला पदर लावून हसली.

कौलांचा पडाव बंदरात आला. बंदरावरून पहिली बैलगाडी गोदूबाईच्या दारी उभी राहिली, दुसरी वळणावरून लिनो मास्तरांकडे गेली. भाईंना निरोप गेला की पडवी आहे तशीच राहणार. भाई त्याच संध्याकाळी रॅकेट घेऊन हजर. "केवळ तुमच्या शब्दाखातर," म्हणाले.

मेमध्ये सहदेव आला. गवंडी लावले. पुढची बाजू लालभडक झाली, काशीबाईने आपली मान थोडी खाली घेतली. पण पडवीशी आल्यावर कौलं संपली.

"पुरां माप देवन पैसे भरलंय मिया!" सहदेव कपाळाला हात लावून बसला.

"बंदरार फुटली असतली," गोदूबाई म्हणाली आणि चुलीकडे वळली.

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी सहदेव आपल्या जुन्या मास्तरांच्या पाया पडायला गेला. मास्तरांनी त्याला पुढच्याच ओटीवर बसवून ठेवलं, पाणी पुढे, केळी पुढे. पण डुकरं ओरडली आणि त्याने मागे डोकावून पाहिलं. गोठ्यावर नवीकोरी मंगलोरी कौलं. खाली दोन डुकरं आडवी पडलेली, कोरड्या जागेत.

तो धावतच घरी आला.

"आये, डुकरांक मंगलोरी कौलां?"

"त्येंकाय पावस लागता."

"आणि आपली पडवी? लोक हसतले! अर्ध्या घरार नवी, अर्ध्यार नळे!"

गोदूबाईला उत्तर द्यायला वेळ नव्हता, कारण त्याच सकाळी सभासद शिडी घेऊन आले होते. भाईंनी धोतर खोचलं. डॉक्टर वर गेले. सहदेवाच्या मागोमाग घाईने आलेले मास्तर त्याची नजर टाळून शिडीच्या दुसऱ्या बाजूने चढू लागले. वाडीतली माणसं जमली.

"ह्येच्यार चार शिकलेली माणसां चडतत," गोदूबाई हळूच म्हणाली. "तुज्या कौलांर कोण चडतलो, सांग?"

मग कमरेवर हात देऊन तिने सुरुवात केली. "वकीलानू! नळो धरतास काय पुरावो?"

लोक हसले. वर लिनो मास्तर एका हाताने वाशाला धरून ओणवे झाले होते. याच मास्तरांनी त्याला चौथीत सबंध वर्षभर बाकावर उभं केलं होतं. सहदेवाने इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला.

"मास्तरानू," तो ओरडला, "सरळ उभे रवा! आणि हात वर!"

"अरे, हात वर केलंय तर पडतलंय मिया!" मास्तर वरून विनवू लागले.

"आदी ह्या सांग," गोदूबाई मुलाला म्हणाली, "उद्याची गाडी किती वाजता?"

"उद्या नाय जावचंय मिया," सहदेव म्हणाला. "शाकारणी पुरी होवंदे."