साडूंचं जीवामृत

आमच्या साडूंना स्वर्गात नेऊन खुद्द अमृताचा कलश जरी हातात दिला, तरी ते आधी तो उलटा करून बुडाला त्रिकोण आहे का ते बघतील. अकोल्याच्या जुन्या शहरात राहणारा हा माणूस उभा जन्म कापसाचा ग्रेडर होता. मूठभर कापूस घ्यायचा, चिमटीत धागा ओढायचा आणि शेतकऱ्याच्या तोंडावर मालाची प्रत सांगून मोकळं व्हायचं. निवृत्तीनंतर कापूस सुटला, पण प्रत ठरवायची खोड सुटेना. त्यातच त्यांनी घरी बीअर करायचं मनावर घेतलं आणि तिला म्हणे ‘फूड ग्रेड’ डबा लागतो, म्हणजे खाण्याचं ठेवायला चालणाऱ्या प्लास्टिकचा, बुडाला त्रिकोणात आकडा असलेला. ग्रेड हा शब्द कानावर पडल्यावर हा गृहस्थ कसला थांबतो! हे सगळं कायद्यात बसतं का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

तिवशाच्या एका लग्नात नवरी निघाली होती, बायका डोळे पुसत होत्या आणि साडू मात्र मांडवामागे आचाऱ्याच्या बादलीत नाक खुपसून उभे होते. “काहून हो भाऊ, काय हरवलं?” मी विचारलं. त्यांनी बादलीतूनच उत्तर दिलं, “लोणच्याची निंगाली. फूड ग्रेड हाय, पण कितीबी धुवा, कैरीच बोलन.” शेवटी श्रीखंडाची एक बादली त्यांच्या परीक्षेत पास झाली. ती मांडीवर घेऊन ते एसटीत असे ऐटीत बसले, की लोकांना वाटावं, आहेर मिळाला.

ही बादली धुवायचा मानही फक्त त्यांचा. गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि मऊ फडकं. एकदा ताईंनी, म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीनं, ती तारेच्या घासणीनं घासली, तर साडू कळवळले. “अवं, चरे पडले का त्याच्यात जंतू घर बांधतात!” ताई म्हणाल्या, “त्याईले तरी बांधू द्या. आपला वरचा मजला तं तुमच्यानं झाला नाही.”

मागच्या खोलीत बादली बुडबुडू लागली तसा आंबूस वास गल्लीभर पसरला. साडूंनी शेजाऱ्यांना, आणि ताईंनाही, ठोकून दिलं, “जीवामृत करून राहिलो.” शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून पिकाला घालतात, ते. ग्रेडर माणूस सांगतोय म्हटल्यावर कोणी शंका घेतली नाही. उलट लोक आदरानं वास घेऊन जात.

खरी गोष्ट मला एकट्याला ठाऊक होती. त्यांचा मुलगा जर्मनीत असतो. त्याचा फोन आला की साडू “जेवला काय?” एवढं विचारत आणि “घे, आईसंग बोल” म्हणून फोन ताईंकडे देत. एकदा माझ्याजवळ हळूच म्हणाले, “तिकडं लोकं बापासंग बसून बीअर पेतात म्हणे. मले बी त्याच्यासंग एकदा बसाचं हाय. म्या केलेली घेऊन.”

पहिल्या खेपेला झाकण उडालं, दुसऱ्या खेपेला व्हिनेगर झालं. तिसरी मात्र जमली. मला त्यांनी चाखायला एक बाटली अमरावतीला धाडली आणि बाकी बादली मुलासाठी झाकून ठेवली.

मुलगा आला त्या दिवशी त्याला भेटायला मीही अकोल्याला गेलो. साडू त्याला स्टेशनवरून घेऊन आले, ते थेट मागच्या खोलीत शिरले. बादली नव्हती. “बाळापूरहून माहा चुलतभाऊ आल्ता,” ताई म्हणाल्या. “पोरगा येऊन राहिला अन् घरात हा वास! देल्लं त्याले लिंबाच्या बागेसाठी.” तेवढ्यात खुद्द चुलतभावाचा फोन आला. “भाऊजी, लय पावरफुल माल हाय! झाडाईले टाकला अन् सारी बाग घमघमली!” मला हसू फुटलं, पण साडूंचा चेहरा बघून ते घशातच राहिलं.

नशिबानं मी माझी बाटली न उघडता पिशवीतून परत आणली होती. संध्याकाळी आम्ही तिघं गच्चीवर बसलो आणि मी मुलाला सगळी हकीकत सांगितली. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. पण पेला हातात आल्यावर अवघडला. “बाबा, तुमच्यासमोर कसा पेऊ?”

साडूंनी जरा विचार केला. “तू तिकडं पाय, मी इकडं पायतो.”

मग दोघं पाठीला पाठ लावून बसले, हातात स्टीलचे पेले. जरा वेळानं मुलानं मान न वळवता रिकामा पेला मागे केला. “बाबा, झकास झाली. अजून हाय काय?”

एवढं ऐकण्यासाठी त्या माणसानं वर्षभर लोकांच्या बादल्या हुंगल्या होत्या.

“नाही रे राजा,” साडू म्हणाले, “बाळापूरच्या लिंबाईनं पेली.”

खालून ताई जेवायला हाका मारत होत्या. मुलगा उठला नाही. त्यानं पाठ अजून थोडी मागे टेकवली.