रतनची काळी चार

बोर्लीच्या जत्रेतलं संगीत नाटक म्हटलं की राणीच्या भूमिकेत रतनच, आणि रतनचं गाणं म्हटलं की काळी चार. पेटीवरच्या या पट्टीचा गावाला कोण अभिमान! ज्यांना पेटी कुठल्या बाजूनं उघडतात ते ठाऊक नाही, तेसुद्धा पाहुण्यांना ऐकवायचे की आमची रतन काळी चारला गाते, खाली नाही.

गेल्या जत्रेत राणीच्या पदात वरच्या सा वर तिचा आवाज फाटला. गावानं टाळ्या वाजवून वेळ मारून नेली, पण रतनला कळायचं ते कळलंच. अठ्ठेचाळीस वर्षांचं वय, आता आवाज गेला, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं. मग ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, सासूनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. सोलकढीसुद्धा सोडली. कोकणातली बाई सोलकढी सोडते, तेव्हा दुखणं किती खोल आहे ते ओळखावं. एवढं करून आवाज काही वर चढेना. पट्टी उतरवून पाहावी, हा विचार मात्र तिनं मनाच्या उंबऱ्याशीच अडवला. पट्टी उतरवली म्हणजे रतन उतरली, असंच गाव म्हणणार.

अशात मुरुडला संगीत नाटकात गाणाऱ्यांसाठी प्रगत प्रशिक्षणाचं शिबिर लागलं, आणि रतननं नाव घातलं. सकाळी अभिनय करत गायचं, दुपारी दुसऱ्यांची कार्यशाळा कशी घ्यायची ते शिकायचं. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं गावातल्या लोकांची एक कार्यशाळा घ्यायची आणि संध्याकाळी एक पद सादर करायचं. रतननं मनाशी खूणगाठ बांधली, की संध्याकाळी पुन्हा आवाज फाटला तर राणीचा शालू नाटक मंडळाला परत करायचा आणि गाणं विसरायचं.

तिच्या वाट्याला शाळेच्या सभागृहात बचतगटाच्या बाया आल्या. मोबाइलवर तंबोरा लावून तिनं, अर्थातच काळी चारला, एक साधी ओळ सांगितली. बाकीच्या कशाबशा गायल्या. मासळी विकणाऱ्या येसूबाई मात्र नुसतेच ओठ हलवत होत्या. रतननं जवळ जाऊन विचारलं, तेव्हा त्या पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, की मला गळाच नाही, मी आपली मागं बसते.

"गळा हाय, मावशी," रतन म्हणाली. "तुमचा सूर खाली हाय, एवढंच. आम्ही येतो ना तुमच्याकडं."

तिनं अंगठ्यानं तंबोरा खाली खाली आणत नेला. काळी दोनला येसूबाईंचा आवाज असा मोकळा निघाला, की शेजारच्या बाया वळून बघायला लागल्या. सगळ्यांबरोबर रतनही गायली. गाता गाता ती वरच्या सा वर गेली आणि तिथं उभी राहिली. आवाज फाटला नाही. तिनं पुन्हा लावून बघितला. पुन्हा तसाच, भरीव. आवाज गेलेला नव्हता, घर बदलून दोन पायऱ्या खाली राहायला आला होता, आणि ही बया वर्षभर जुन्याच दाराची कडी वाजवत होती! रतनला रडू आलं, हसूही आलं. शिबिर घेणाऱ्या पूनमताई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं आणि शहाण्या बाईसारखी नजर वहीत घातली.

पण जिवाला एक घोर राहिलाच. साथीला गावचा बाळाजी शिंपी येणार होता, वीस वर्षं तिला पेटीची साथ करणारा. इतकी वर्षं त्यानं तिची पदं काळी चारलाच वाजवलेली. नव्या पट्टीत बोटं कशी बसणार? शिवाय त्याच्यापुढं खालची पट्टी मागायची, म्हणजे गावापुढं मागितल्यासारखंच.

संध्याकाळी बाळाजी एसटीनं पेटी घेऊन आला. पडद्यामागं त्यानं भाता मोकळा केला आणि नेहमीसारखा तिच्याकडं बघत राहिला. रतननं डोळे खाली घातले.

"बाळाजीदादा, काळी दोन द्या."

त्यानं मान हलवली आणि काळी दोन दिली. ती गायली. पदातली एकेक हरकत त्यानं बोट न अडखळता सोबत नेली, वरच्या सा वर ती थांबली तेव्हा तोही थांबला. लोकांनी 'वन्स मोअर' दिला. दुसऱ्यांदा गाताना तर तिला भीती आठवलीसुद्धा नाही.

आत आल्यावर तिनं विचारलं, की हे पद या पट्टीत कधी बसवलंत.

"गेल्या जत्रेपास्नं," बाळाजी पेटी बंद करत म्हणाला. "रोज दुकान बंद केल्यावर. काळी तीन, काळी दोन, दोन्हींत सगळीच पदं बसवून ठेवलीत."

"मग वर्षभर बोललात का न्हाय?"

"सूर गाणाऱ्यानं मागायचा. पेटीवाल्यानं आपणहून उतरवला, तर तो अपमान व्हतो."

 रतननं वाकून त्याच्या पायांना हात लावला.