शेजारचा धडधाकट दात

स्वारगेटला फुटपाथवरून चालत असताना समोरून आलेल्या मोटारसायकलचं हँडल माझ्या तोंडावर बसलं. फुटपाथवर मी चालत होते आणि तो गाडी चालवत होता. तरी गाडी सावरत तोच मला म्हणाला, "काकू, बघून चाला ना." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर रक्ताबरोबर दाताचा तुकडा हातात पडला. मी वर बघेपर्यंत तो निघून गेला होता.

वरचे समोरचे दोन दात गेले. एक तिथेच पडला, दुसरा मुळापर्यंत चिरला होता म्हणून डॉक्टरांनी काढला. ओठाला टाके पडले. पुढे बरेच दिवस मला धड बोलता येत नव्हतं, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

आमचा मार्केट यार्डात गुळाचा गाळा आहे. सासऱ्यांच्या मागे तो मी आणि नवरा मिळून चालवतो, पण बोलणं सगळं माझ्याकडे. अडते, हमाल, गिऱ्हाईक, सगळ्यांशी. नवरा हिशोब बघतो आणि भांडण आलं की चहा सांगायला जातो. अशा बाईचं तोंड बंद झाल्यावर घरात एकदम शांतता पसरायला हवी होती. झालं उलटंच. सगळेच बोलायला लागले.

बंगळूरहून मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, इम्प्लांटच करा. हाडात स्क्रू बसवतात, आयुष्यभराचं काम." नणंद भेटायला आली ती माझ्याकडे बघत नवऱ्याला म्हणाली, "दादा, साधी काढता-घालता येणारी कवळी बसव. वहिनींना या वयात कोण बघतंय?" माझं वय छप्पन्न. दातांच्या डॉक्टरांनी टीव्हीएवढ्या पडद्यावर माझ्या जबड्याचा फोटो लावला आणि खुर्ची नवऱ्याकडे वळवली. "मॅडमना ब्रिज बेस्ट. फिक्स राहतो, लवकर होतो, दिसतो छान." नवऱ्याने मान डोलावली. मी हाताने खूण केली की मला काहीतरी विचारायचंय. डॉक्टर हसून म्हणाले, "तुम्ही आराम करा, आम्ही आहोत ना."

तोंडात बोळा असलेल्या माणसाचं मौन म्हणजे संमती, असं त्या खोलीत ठरून गेलं होतं.

जखम भरल्यावर पुन्हा बोलावणं आलं. नवरा म्हणाला, "माप घ्यायचंय म्हणे." मी खुर्चीत बसले. इंजेक्शन दिलं तेव्हा वाटलं, मापाला कशाला? पण दुखू नये म्हणून देत असतील. मग मशीन सुरू झालं, आणि ते रिकाम्या जागेवर नाही, शेजारच्या दातावर चालू लागलं. माझ्या चांगल्या दातावर! जळका वास आला. मी हात वर केला. डॉक्टर म्हणाले, "थोडंसंच राहिलंय." मी मनगट धरून त्यांचा हात बाजूला केला.

"कुथला दात घाथताय?" बधिर ओठांतून शब्द असे बाहेर पडत होते, लाळेसकट. त्याची मला लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला.

"अहो मॅडम, ब्रिज अडकवायला शेजारचे दोन दात बारीक करावेच लागतात. तुमच्या मिस्टरांशी बोलणं झालंय सगळं."

"दात मिस्टरांचे आहेत का?"

मदतनीस मुलगी खाली बघायला लागली. बाहेर बसलेला नवरा आत आला. "अगं, मला वाटलं तुला माहीत आहे."

"कुणी सांगितलं मला?"

डाव्या बाजूचा दात घासून झाला होता, उजव्या बाजूचा अजून शाबूत होता. घासलेल्या दातावर तात्पुरतं काहीतरी चिकटवून घेऊन मी उठले आणि नारायण पेठेतल्या घरापर्यंत नवऱ्याच्या चार पावलं पुढे चालत आले. तो मागून "रिक्षा करू या का" म्हणत होता. मी वळले नाही.

नंतर मी एकटीच दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. साधारण माझ्याच वयाच्या बाई, पुण्याच्या पेठेतल्याच, बोलण्यात साखर अजिबात नाही. मी सगळं सांगताना माझा आवाज चढत गेला, मग डोळे भरले. त्या म्हणाल्या, "रडायचं असेल तर आधी रडून घ्या. मग तोंड उघडा. दोन्ही एकदम जमत नाही." मी रडून घेतलं.

तपासून झाल्यावर मी विचारलं, "घासलेला दात परत पहिल्यासारखा होईल?"

"नाही. दातावरचं कवच पुन्हा येत नाही. त्यावर टोपी बसवावी लागणार, तुम्ही पुढे काहीही केलंत तरी."

मला हेच कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. दोन वाक्यं होती!

"मग आता काय करू?"

"ते तुम्ही ठरवायचं. मी प्रत्येकातलं वाईट काय तेवढं सांगते." आणि त्यांनी सांगितलं. इम्प्लांट चांगलं, पण माझं पुढचं हाड त्या धडकेने मोडलंय. आधी तिथे हाड भरावं लागेल, ते धरायची वाट बघायची, मग स्क्रू, मग परत वाट. ब्रिज करायचा तर उजवीकडचा दातही घासायचा. काढती प्लेट, म्हणजे नणंद म्हणाली होती ती काढता-घालता येणारी कवळी, कुठल्या दाताला धक्का लावत नाही, पण टाळूला लागते, सुरुवातीला बोलताना शिट्टी वाजते, आणि कडक खाताना हलते. मग त्यांनी विचारलं, "पुढच्या दातांनी तुम्ही काय करता?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला. मी म्हटलं, "गुळाचा खडा तोडून बघते. ढेप कितपत कडक आहे ते कळतं. आणि दिवसभर बोलते."

"खडा सुरीने तोडावा लागेल. बोलणं येईल, पण सराव लागेल."

मी काही दिवस विचार केला. रागात निर्णय घेऊ नये म्हणतात. मी रागातच घेतला, पण माझा घेतला. उजव्या दाताला आता कुणी हात लावायचा नाही आणि हाडाची शस्त्रक्रिया मला नको. डाव्या दातावर टोपी आणि मध्ये प्लेट.

नणंदेला कळलं तेव्हा ती फोनवर खूश होऊन म्हणाली, "बघा वहिनी, मी पहिल्यापासून हेच सांगत होते!"

"वन्सं, तुम्ही म्हणाला होतात, कोण बघतंय. मी प्लेट घेतली ती माझा चांगला दात वाचवायला. दोन्ही एकच आहे का?"

तिने फोन ठेवला. मुलगा म्हणाला, "आई, तू उगीच कमीवर समाधान मानतेयस." त्याला मी म्हटलं, "तुझ्या दातांचं तू ठरव."

पहिल्या डॉक्टरांकडेही गेले. मला माफी हवी होती, दुसरं काही नको. ते म्हणाले, "मॅडम, ट्रीटमेंट बरोबरच होती. टोपी मी फुकट बसवून देतो." मी परत विचारलं, "मला न विचारता दात घासलात, हे बरोबर होतं?" त्यांनी घड्याळात बघितलं आणि बाहेर पेशंट खोळंबलेत असं सांगितलं. माफी मिळाली नाही. आजही आठवलं की मुठी वळतात.

प्लेट बसली. पहिले काही दिवस गाळ्यावर मी 'सातारा' म्हटलं की शिट्टी वाजायची आणि एक जुना अडत्या तोंड फिरवून हसायचा. त्याला मी त्याच शिट्टीसकट सुनावलं. घरी स्वयंपाक करताना 'स' आणि 'त' मोठ्याने म्हणत राहिले, हळूहळू जीभ रुळली.

एका रविवारी जेवताना नवरा म्हणाला, "माझं चुकलं. तुला बोलता येत नव्हतं, लिहून तरी विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं."

तो थांबला. मी 'जाऊ दे' म्हणेन अशी त्याची अपेक्षा असावी, इतकी वर्षं म्हणतच आले होते. मी त्याला भाजी वाढली, पण ते शब्द काही म्हटले नाहीत.