टेपच्या विळख्यात

आमच्या गल्लीतली शिंपीणमावशी भलतीच फटकळ. तिला एचआयव्ही आहे हे कळल्यावर शेजारणीने तिच्या घरचं पाणी पिणं बंद केलं. कपडे मात्र तिच्याकडूनच शिवून घ्यायची, कारण असं फिटिंग दुसरं कोण देणार?

एका संस्थेच्या एचआयव्ही जागृती सभेत सगळी गल्ली पेंगली. मावशी मात्र माप घेतानाच विचारायची, "तपासणी केलीस का गं?" छातीभोवती टेप असताना बाई पळणार कुठे? निम्मी गल्ली अशीच तपासून आली. ज्यांना औषधं लागली, त्यांना मावशीने शिवण शिकवून मशीनवर बसवलं.

परवा शेजारीण माप देता देता रडायलाच लागली. "मलाही निघालाय गं."

मावशीने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"उद्यापासून काजं-बटणं करायला ये. आणि हे पी आता, भवाने. किती वर्षं माझ्या दारात तहानलेली बसशील?"